पाळकाची वही



पाळकाला व्याख्यानाला बोलावलं की तो धर्मावर नाहीतर नीतीवर बोलणार, असं साधारण धरूनच चालतात. संयोजकांनी मला विषयाची मोकळीक दिली, म्हणून मी आज जरा वेगळा विषय घेतला आहे. आमच्या पाळकांच्या सभांमध्येही या विषयावर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. विषय आहे पाळकाचं स्वतःचं लिखाण. रविवारचा उपदेश किंवा मासिकातला बोधपर लेख मी यात धरत नाही. रात्री घरातली माणसं झोपल्यावर पाळक आपल्या वहीत, 'मी' म्हणून, दिवसभरात भेटलेल्या माणसांविषयी आणि आपल्या मनाविषयी जे लिहितो, त्याबद्दल मी बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेतून निवृत्त झाल्यावर इथल्या वाचनालयाचं काम बिनपगारी पाहत होते. जुनं छापील चिटोरंसुद्धा ते फेकू देत नसत. त्यांना हा विषय आवडला असता.

पाळकाचं बरंचसं काम लेखनिकाचं असतं, हे मंडळीच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. प्रत्येक मंडळीत निदान तीन रजिस्टरं असतात: बाप्तिस्म्याचं, लग्नाचं आणि दफनाचं. त्यातलं लग्नाचं रजिस्टर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली येतं, त्यामुळे तिथे खाडाखोड चालत नाही. लोक दाखला काढायला येतात. कुणाला पासपोर्टसाठी हवा असतो, कुणाला शाळेसाठी, कुणाच्या जमिनीच्या वाटणीसाठी आजोबांच्या मृत्यूची तारीख लागते. मी रजिस्टर काढून बोट फिरवत ओळ शोधतो. दफनाच्या रजिस्टरात अशी एक ओळ असते: मयताचं नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, धंदा, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, पाळकाची सही. चार दिवसांचं बाळ गेलं तरी एक ओळ, नव्वदीचे आजोबा गेले तरी एकच ओळ. बाळाच्या ओळीत 'धंदा' या रकान्यात आडवी रेघ मारावी लागते. ती रेघ मारताना पेन थांबतं. अशाच एका बाळाच्या आईला दवाखान्यातून थेट कबरस्थानात आणलं होतं, तिच्या पायांत कुणाच्यातरी मोठ्या मापाच्या चपला होत्या. या गोष्टीला त्या रजिस्टरात जागा नाही, आणि असूही नये, कारण ते नोंदींचं दप्तर आहे. पण मग ही गोष्ट जाते कुठे?

ती उपदेशात जात नाही, एवढं मी अनुभवानं सांगतो. उपदेशाला शास्त्रपाठ असतो, तीन मुद्दे असतात आणि शेवटी आशेपर्यंत पोहोचावं लागतं. पोहोचायलाच हवं, कारण समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी त्या आशेवर पुढचा आठवडा काढणार असतं. पण याचा एक परिणाम पाळकावर होतो आणि तो हळूहळू होत असल्यामुळे लक्षात येत नाही. त्याला प्रत्येक माणसात दृष्टांत दिसू लागतो. आजारी म्हातारी दिसली की सहनशीलतेचा दाखला, दारू सोडलेला तरुण दिसला की पश्चात्तापाचा. माणूस अजून बोलत असतो आणि पाळकाच्या डोक्यात तो रविवारच्या दुसऱ्या मुद्द्याखाली जाऊन बसलेला असतो. शिवाय पुलपिटावर असताना मधे कुणी अडवत नाही, कुणी 'पाळकसाहेब, हे असं नव्हतं' म्हणत नाही. वर्षानुवर्षं न अडता बोलणाऱ्या माणसाचं कान देणं कमी होतं, मग तो कितीही भला असो.

माझं आज सांगणं एवढंच आहे की पाळकाला वही यासाठी लागते. तिच्यात त्याला मुद्दा काढायचा नसतो. चपला मोठ्या होत्या, एवढंच लिहून थांबता येतं.

पाळकांनी अशा वह्या लिहिण्याची मोठी परंपरा इंग्लंडमध्ये झाली आणि तिची थोडी ओळख मला इथे करून द्यायची आहे. जेम्स वुडफर्ड हा अठराव्या शतकातला खेड्यातला पाळक. नॉरफकमधल्या वेस्टन लाँगव्हिल या गावी त्याची मंडळी होती. १७५८ पासून १८०२ पर्यंत तो रोजनिशी लिहीत राहिला. तिच्यात धर्मशास्त्र जवळजवळ नाही. जेवायला काय होतं, कुणाला किती पैसे दिले, हवा कशी होती, असं सगळं आहे. नाताळच्या दिवशी तो गावातल्या गरीब म्हाताऱ्यांना घरी जेवायला बोलवायचा आणि निघताना प्रत्येकाच्या हातावर बायकोसाठी एक शिलिंग ठेवायचा. हेही त्याने खर्चाच्या नोंदीसारखंच लिहिलं आहे, मोठेपणा न घेता. त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९२४ ते १९३१ या काळात, ती रोजनिशी पाच खंडांत छापली गेली. तेव्हाचं इंग्रजी खेडं काय खात होतं, कशाने आजारी पडत होतं, नोकरांना काय मिळत होतं, हे जाणून घ्यायला अभ्यासक आज तिच्याकडे जातात. त्याचे उपदेश कुणी वाचायला जात नाही.

जॉन वेस्ली मात्र वेगळ्या जातीचा. मेथडिस्ट चळवळीचा हा जनक. १७२५ पासून तो स्वतःपुरती रोजनिशी ठेवत होता. ती लघुलिपीत आणि सांकेतिक खुणांत असायची, तास-तासाचा हिशेब देणारी. आणि दुसरीकडे १७४० पासून तो आपलं 'जर्नल' लोकांसाठी भागाभागाने छापत गेला. एकाच माणसाची दोन लिखाणं, एक बंद आणि एक उघडं. बंद वहीतल्या खुणांचा उलगडा करून त्या छापायला विसावं शतक उजाडावं लागलं. मला वाटतं, वेस्लीला फार लवकर कळलं होतं की पाळकाला या दोन्हींची गरज असते आणि दोन्हींची सरमिसळ करता येत नाही. लोकांपुढे ठेवायचं लिखाण आत न लिहिलेल्या माणसाला जमत नाही. ते पोकळ होतं, घोषणेसारखं वाटतं. आणि आतलं सगळंच बाहेर आणलं तर ते अंगणात वाळत घातलेल्या घरच्या कपड्यांसारखं होतं.

पण माझा सगळ्यात लाडका तो गिल्बर्ट व्हाइट. हॅम्पशरमधल्या सेलबोर्न गावचा, १७२० मध्ये जन्मलेला, आयुष्यभर सहायक पाळकच राहिलेला. आयुष्याचा बहुतेक काळ त्याने त्याच गावात काढला. त्या गावातले पक्षी, कीटक, झाडं, पाऊस यांच्याबद्दल तो मित्रांना पत्रं लिहीत राहिला. त्या पत्रांचं पुस्तक १७८९ मध्ये निघालं आणि आजही ते बाजारात मिळतं. पानांत फिरणारे, दिसायला जवळजवळ सारखे तीन चिमुकले पक्षी त्याने मुख्यतः आवाजावरून वेगळे ओळखले. तोपर्यंत ते एकच समजले जात. गांडुळाकडे माळी आणि शेतकरी किळसेनं पाहत असताना त्याने लिहिलं की हे जीव नसतील तर जमीन थंड, कडक आणि वांझ होईल. डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८८१ मध्ये आलं. व्हाइटच्या पुस्तकात देवाचं नाव फार वेळा येत नाही. पण देवाच्या हातच्या प्रत्येक वस्तूकडे इतक्या सावकाश, इतक्या आदरानं पाहणारं पाळकाचं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. तीन पक्ष्यांतला फरक ओळखणाऱ्या कानाला माणसांतलाही फरक कळत असणार. आपल्या मंडळीत दोन विधवा असतील तर त्यांचं दुःख एकच आहे असं समजून आपण एकच वचन दोघींना वाचून दाखवतो. व्हाइट वाचल्यावर मी ते बंद केलं.

आता आपल्याकडे येतो. इथे मला थोडं खंतावून बोलावं लागणार आहे.

अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत आली आणि १८३१ मध्ये अहमदनगरला. ती माणसं अखंड लिहीत होती. दर वर्षी, दर तिमाहीला बोस्टनला अहवाल जायचे, पत्रं जायची. त्यांतले निवडक भाग तिकडच्या 'मिशनरी हेरल्ड'मध्ये छापून यायचे. ते सगळं दप्तर आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हूटन ग्रंथालयात नीट जपलेलं आहे. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात दीडशे वर्षांपूर्वी पहिला बाप्तिस्मा कसा झाला, हे शोधायचं असेल तर अभ्यासकाला तिकडे जावं लागतं, आणि तिथे तो प्रसंग त्याला मिशनरीच्या नजरेतून, इंग्रजीत, बोस्टनमधल्या देणगीदाराला समजेल अशा रीतीनं लिहिलेला सापडतो. त्या मिशनऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी लिहिलं म्हणून निदान तेवढं तरी उरलं. पण त्याच गावात राहणारा, त्या लोकांच्याच भाषेत बोलणारा, त्यांच्याच ओट्यावर बसून भाकरी खाणारा मराठी पाळक त्या रात्री काय विचार करत होता? त्याला भीती वाटली का? भाऊबंदांनी त्याच्यासाठी दार बंद केलं तेव्हा तो कुठे झोपला? याची नोंद क्वचित सापडते.

काही मोठी माणसं याला अपवाद आहेत. बाबा पद्मनजींनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिलं, मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांपैकी ते एक. बेळगावात जन्मलेल्या त्या मुलाच्या मनातली १८५४ च्या बाप्तिस्म्यापर्यंतची घालमेल त्यात आहे. ते पुढे पाळक झाले, संपादक झाले, 'यमुनापर्यटन' ही कादंबरी तर त्यांनी १८५७ मध्येच लिहिली होती. पण मला त्यांच्या पाळकपणाची वही वाचायची होती. पुण्याच्या मंडळीत रविवार संपल्यावर त्यांना काय वाटायचं, कुणाच्या घरी जाताना पाय जड व्हायचा, असली ती वही.

कवी नारायण वामन टिळकांचं नाव तर तुम्हा सर्वांना माहीत आहे. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ मध्ये ते गेले. शेवटच्या काही वर्षांत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे होतं. 'ज्ञानोदय' म्हणजे १८४२ साली नगरला सुरू झालेलं नियतकालिक. आमच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली कितीतरी भजनं टिळकांची आहेत. दर रविवारी आमची मंडळी त्यांच्या शब्दांत प्रार्थना करते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. हा मनुष्य स्वतःबद्दल लिहायला कधी कचरला नाही, पण जे लिहिलं ते बहुतेक अभंगात, देवाशी बोलताना. त्यांच्या घरात रोज काय चालायचं, खिशातले सगळे पैसे दारी आलेल्याला दिल्यावर संध्याकाळी चूल कशी पेटायची, हे आपल्याला कळलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंमुळे. ज्यांना अक्षरओळख नवऱ्याने करून दिली त्या बाईंनी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले आणि मराठी गद्यात ते कायमचं जाऊन बसलं. टिळकांचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पूर्ण केलं.

'स्मृतिचित्रे' प्रत्येक पाळकाने वाचावं असं मी नेहमी सांगतो आणि त्यामागे वाङ्मयीन कारण नाही. पाळकाचं घर त्या पुस्तकात स्वयंपाकघराच्या बाजूने दिसतं. बाहेर संत म्हणून ओळखला जाणारा माणूस घरात कसा वागतो, त्याच्या उदारपणाची किंमत कोण मोजतं, त्याच्या निर्णयांची झळ कुणाला लागते, हे लक्ष्मीबाईंनी राग न ठेवता, प्रेमाने आणि स्पष्ट लिहिलं. पाळक जेव्हा 'मी' म्हणून लिहायला बसतो तेव्हा त्या 'मी'च्या मागे उभी असलेली माणसं त्याला दिसली पाहिजेत. माझ्या वहीची पानं माझी पत्नी वाचते. कुठे मी स्वतःला जास्त भला रंगवलं असेल तर ती समासात पेन्सिलने एक उभी रेघ ओढते, शब्द लिहीत नाही. त्या रेघेशी मी वाद घालत नाही.

आता एका साध्या वहीबद्दल सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत पाळकांच्या घरच्यांनी मला त्यांची ट्रंक दाखवली. तळाशी मळकट लाल पुठ्ठ्याची वही होती, शाळकरी मुलांची असते तशी. १९७२ सालच्या दुष्काळातली. आमच्या तालुक्यातले लोक तेव्हा दुष्काळी कामांवर होते: खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. वहीत तारखेखाली दोन-तीन ओळींहून जास्त कधी नाही. रविवारची उपासना पहाटे घेतली, कारण लोकांना ऊन व्हायच्या आत पाणी भरायचं होतं. मिलो ज्वारीची भाकरी थापताना तुटते अशी बायकांची तक्रार. सुकडी वाटताना जातीवरून कुरबुर झाली, मधे पडलो. अमक्याने बैल विकला, विकून आल्यावर माझ्याकडे बसून राहिला, बोलला नाही. प्रभुभोजनाला द्राक्षरस नव्हता, मनुका भिजवून केला. आणि एका दिवशी फक्त एवढंच: 'आज प्रार्थना करवली नाही.'

श्रोतेहो, त्या ओळीवरून मी पुढे जाऊ शकलो नाही. पुलपिटावर तो पाळक हे बोलू शकला नसता. बोलू नयेही, कारण समोर उपाशी माणसं होती आणि त्यांना त्याच्या आवाजाचा आधार होता. मिशनच्या किंवा चर्चच्या अहवालात हे लिहिता आलं नसतं. प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झाली होती, सगळीकडे नव्या चर्चच्या उभारणीची गडबड होती, कुणाला हे वाचायला वेळ होता? पण त्याने ते लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशीची नोंद आहे, म्हणजे तो दुसऱ्या दिवशी उठला आणि कामाला लागला. आज एखादा तरुण पाळक माझ्याकडे येऊन म्हणतो की मला आतून कोरडं वाटतंय, मी पाळक राहायला लायक आहे का, तेव्हा मी त्याला त्या वहीतल्या लागोपाठच्या दोन नोंदी सांगतो.

आता अवघड भागाकडे येतो. पाळकाकडे लोक येऊन जे सांगतात ते त्याने लिहावं का?

कॅथलिक चर्चमध्ये याचं उत्तर पक्कं आहे. पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूने कशाही परिस्थितीत फोडायचं नाही, असा त्यांचा धर्मकायदाच आहे. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पापनिवेदनाचा संस्कार नाही, म्हणून काहींना वाटतं की आमच्यावर तितकं बंधन नाही. मला हे मुळीच मान्य नाही. दार लोटून कुणी बसलं आणि 'पाळकसाहेब, हे तुमच्या-माझ्यात' म्हणालं की ते त्या माणसाचं झालं. ते वहीत जात नाही. नाव बदलून नाही, गाव बदलून नाही, खुणेच्या भाषेतही नाही. आपल्या गावांत नाव बदलून काही होत नाही. दोन मुली, रेल्वेतला नवरा आणि मोडलेला हात एवढं सांगितलं तरी सगळ्या मंडळीला घर कळतं. हा नियम मी सेवेत आल्यावर एका वडीलधाऱ्या पाळकाकडून घेतला आणि तो माझ्यापुरता अटळ आहे.

मग वहीत काय उरतं? जे मी स्वतः पाहिलं ते, आणि त्यातलंही ज्याने कुणाच्या जिवाला लागणार नाही ते. एक उदाहरण देतो. त्यातल्या आईची परवानगी घेऊनच इथे सांगतो आहे, बाकीचे तपशील गाळून. एका घरी तरुण मुलगा अपघातात गेला. सांत्वनाच्या प्रार्थनेसाठी मी गेलो तेव्हा खोलीतल्या खुर्चीच्या पाठीवर एक इस्त्री केलेला आकाशी शर्ट टांगलेला होता. घरात एवढी माणसं, इतकी रडारड, पण त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं. मी रात्री वहीत शर्टाबद्दल लिहिलं. बाकी काही नाही, त्या आईचे शब्दही नाहीत. बरीच वर्षं गेली. एकदा त्या बाई चर्चच्या पायरीवर मला म्हणाल्या, 'पाळकसाहेब, तुम्ही वही लिहिता असं ऐकलंय. त्या दिवशीचं काही लिहिलंय का?' मी त्यांना घरी बोलावून ते पान वाचून दाखवलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'तो शर्ट घालून तो सोमवारी इंटरव्ह्यूला जाणार होता. तेही लिहा. मी कुणाला सांगितलं नव्हतं.' त्यांच्यासमोरच मी ते वाक्य त्या पानाखाली लिहिलं. त्यांनी स्वतः ते वाचून पाहिलं.

त्या मुलाच्या दफनाच्या वेळी मी पुनरुत्थानाबद्दल बोललो होतो. ते मी मनापासून मानतो आणि आजही तेच बोलेन. पण त्या बाईंना इतक्या वर्षांनी जे हवं होतं ते म्हणजे त्यांचा मुलगा सोमवारी इंटरव्ह्यूला जाणार होता, ही गोष्ट कुठेतरी नोंदलेली असावी. मी ती माझ्या पद्धतीने कुठल्यातरी मुद्द्याला जोडली नाही म्हणूनच त्यांना तिथे ती भर घालता आली, असं मला वाटतं. पुलपिटावरच्या वाक्यात अशी जागा शिल्लक नसते.

आता थोडं उघड्या लिखाणाविषयी, कारण पाळकाने फक्त आपल्या टेबलाच्या खणातच लिहावं असं माझं म्हणणं नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन त्यांनी बरीच वर्षं केलं, 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. पण मी त्यांना मानतो ते त्यांच्या लिखाणातल्या 'मी'मुळे. वसईच्या बागायती, विहिरी, पाणथळ जागा बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या तेव्हा हरित वसईच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले आणि त्याबद्दल स्वतःच्या नावाने लिहिलं. ज्या माणसाला गावातली विहीर न् विहीर माहीत आहे त्याला ती बुजताना गप्प बसवत नाही. कुणी म्हणालं, धर्मगुरूने यात पडू नये. मला उलट वाटतं की धर्मगुरूने आपल्या गावाकडे नीट पाहिलं की त्याला पडावंच लागतं.

त्यांचं मराठी पाहा. बायबलचं जुनं भाषांतर ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्या पाळकांची भाषा नकळत ताठ होते. पुलपिटावर चढलो की आम्ही असं मराठी बोलतो जे बाजारात कुणी बोलत नाही. दिब्रिटोंनी ते ओझं उतरवलं. त्याच्या चारशे वर्षं आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं आणि १६१६ मध्ये ते छापलं. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने इथल्या लोकांच्या कानाला परिचित असलेला छंद उचलला. तेच स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरल्यावर पहिल्यांदा काय करतात, तर महिन्याच्या आत वडिलांना लांबलचक पत्र लिहितात: जहाज कसं भरकटलं, समुद्रात कोणते मासे आणि पक्षी दिसले, खलाशी कशाने आजारी पडले. त्या पत्रातला तरुण आणि पुढे ओवीत रमलेला कवी एकच आहे, आणि मला त्याची सुरुवात त्या पत्रातच दिसते.

इथे आमच्या मंडळ्यांतले काही तरुण सेवक बसले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. सकाळी उठून व्हॉट्सॲपवर वचन आणि फुलाचं चित्र पाठवता, चांगलं आहे, कुणाला तरी धीर येतो. पण ते तयार असतं. रात्री पाच ओळी स्वतःच्या लिहा. त्यात 'प्रभूच्या कृपेने' आणि 'आशीर्वादित' हे शब्द शक्यतो नकोत, ते रविवारसाठी ठेवा. आज काय पाहिलं ते लिहा. कुणाचं घर गळत होतं, कुणी तुम्हाला दारातून परत पाठवलं, कुठल्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं तर नव्हतं, असंच लिहा. रागाच्या भरात कुणाबद्दल लिहिलं असेल तर महिनाभर ते पान मिटून ठेवा आणि मग फाडायचं की ठेवायचं ते ठरवा. मंडळीच्या पंचकमिटीत भांडण चालू असताना तर वही उघडूच नका. तिथे आपण सगळेच स्वतःच्या बाजूचे वकील असतो.

आणि बदली झाली की वही बरोबर न्या. पाळकाची बदली होते तेव्हा नवीन माणसाला रजिस्टर मिळतं, चाव्या मिळतात, बँकेचं पासबुक मिळतं. कुठल्या घरी चहाला नकार दिला तर वाईट वाटतं, हे त्याला कुणी सांगत नाही. ते त्याने स्वतः शोधलं पाहिजे.

शेवटी वह्यांचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरतो. फ्रान्सिस किल्व्हर्ट नावाचा वेल्सच्या सीमेवरचा तरुण पाळक १८७० पासून रोजनिशी लिहीत होता. क्लायरो या गावातली माणसं, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढलेला म्हातारा शिपाई, डोंगरातल्या झोपड्या, असं सगळं त्यात आहे. १८७९ मध्ये लग्नानंतर जेमतेम महिन्याभराने तो गेला, चाळिशीही गाठली नव्हती. त्याच्या वह्यांचा काही भाग त्याच्या पत्नीने नाहीसा केला असं मानलं जातं. उरलेल्या बावीस वह्यांतून निवडक भाग १९३८ ते १९४० मध्ये छापला गेला, लोकांना तो अतिशय आवडला. आणि मग त्या बावीसपैकी बहुतेक मूळ वह्या त्याच्या एका वृद्ध नातलग बाईने नष्ट केल्या. फक्त तीन उरल्या. मला त्या दोघींचा राग येत नाही. घरातल्या माणसाची खाजगी वही जपायची की जाळायची, हे त्या घराने कशाच्या आधारावर ठरवायचं? म्हणून ते लिहिणाऱ्यानेच आधी सांगून ठेवायला हवं. मी माझ्या मुलांना लिहून दिलं आहे: ज्या पानांवर हयात माणसांविषयी काही आहे ती पानं त्या माणसांच्या हयातीत कुणालाही दाखवायची नाहीत, बाकीच्या वह्या वाचनालयाला द्यायच्या.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी पाळक, सुवार्तिक, बायबल वूमन, मिशन शाळेतले मास्तर होऊन गेले आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची पत्रं, हिशेबाच्या वह्या, उपदेशाची टिपणं पडलेली असतील. वाळवी लागायच्या आत ती खाली काढा. घर बदलताना रद्दीवाल्याच्या काट्यावर घालू नका. कागदावर नुसता किराण्याचा हिशेब असला तरी चालेल, उलट तो जास्त हवा आहे. इथल्या वाचनालयाने त्यासाठी एक लोखंडी कपाट मोकळं केलं आहे, आणि आमच्या तरुण संघातली मुलं शनिवारी दुपारी तिथे बसून पानं स्कॅन करणार आहेत. मूळ वही तुम्हाला घरीच ठेवायची असेल तर स्कॅन झाल्यावर ती त्याच दिवशी परत मिळेल, आणि जी पानं कुणी वाचू नयेत असं तुम्हाला वाटेल ती स्कॅन केली जाणार नाहीत.